हँड, ऑफ, ऑटो

पंपिंगच्या पॅनेलवर एक काळा फिरता स्विच असतो. त्यावर तीन खुणा: हँड, ऑफ, ऑटो. हँडवर असला की माणूस बटण दाबेल तेव्हाच पंप चालणार. ऑटोवर असला की सांडपाणी साठवणाऱ्या विहिरीतली पातळी बघून पंप आपला आपण सुरू होणार, आपला आपण थांबणार. तो ऑटोवर असेल तरच दूर कार्यालयात मांडलेल्या संगणकाला काही अर्थ, नाहीतर पडद्यावरचे हिरवे-लाल दिवे नुसते बघत बसायचे. सांडपाण्याच्या आणि पाणीपुरवठ्याच्या पंपिंग स्टेशनांवरची जुनी स्काडा यंत्रणा, म्हणजे दुरून पंप बघायची आणि चालवायची संगणकी व्यवस्था, काढून नवी बसवणं हे माझं पोटापाण्याचं काम. मराठवाड्यात आणि आजूबाजूला मी जी जुनी पॅनेलं उघडली, त्यांतल्या बहुतेकांवर हा स्विच हँडवर सापडला. एकदोन ठिकाणी तर तो तसाच गंजून बसला होता, पक्कड लावली तरी हलेना.

आमच्या धंद्यात याचा अर्थ ठरलेला आहे. ऑपरेटर अडाणी, त्याला ऑटो कळत नाही. किंवा ऑटो झालं तर आपली गरज संपेल म्हणून तो मुद्दाम हँडवर ठेवतो. बैठकांमध्ये हे इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. हँडवर ठेवलेल्या प्रत्येक स्विचमागं एक घडलेली गोष्ट असते आणि विचारली तर ती सांगितली जाते. विचारावी मात्र चहा पिताना. हातात फॉर्म दिसला की कुणी तोंड उघडत नाही.

कुठल्या पंपिंगवर काय पाहिलं ते नावानिशी लिहिणार नाही. जे लिहितोय ते थोड्याफार फरकानं कुठंही सापडेल, आणि ज्यांनी मला गोष्टी सांगितल्या ते अजून नोकरीत आहेत.

मी मूळचा लातूरचा. पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, नंतर पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागलो आणि तिथून या कामात आलो. नांदेडला कामासाठी जायला लागलो तेव्हा सगळ्यात आधी कळलं ते तिथल्या जमिनीचं. शहर गोदावरीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं. जुनं गाव आणि सचखंड गुरुद्वारा उत्तर काठाला, सिडको-हडको आणि वाघाळ्याचा भाग दक्षिणेला. उतार नदीकडं. सांडपाण्याला नदीकाठापर्यंत यायला कुणाची मदत लागत नाही, मदत लागते ती तिथून पुढं, उचलून शुद्धीकरण केंद्रापर्यंत न्यायला. पंपिंग म्हणजे ही उचलाउचल. ती थांबली की पाण्याला एकच वाट उरते, नदीची.

२००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्याच्या आधीपासून नांदेड केंद्र सरकारच्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात होतं आणि त्या काळात शहरात रस्ते, पाणी, मलनिस्सारण अशी कामं निघाली. अभियानातल्या शहरांच्या निविदांमध्ये तेव्हा स्काडा हा शब्द दिसायला लागला. नंतर २०१५ ला अमृत आलं, २०२१ ला अमृतचा दुसरा टप्पा. प्रत्येक योजनेबरोबर नवे पंप, नवे पाइप, आणि एका कोपऱ्यात संगणक. अडचण अशी की या सगळ्यांचं आयुष्य सारखं नसतं. बिडाचा पाइप पन्नास वर्षं जातो, चांगला पंप दुरुस्त करत करत वीस वर्षं ओढतो. इलेक्ट्रॉनिक्स दहा-बारा वर्षांत म्हातारं होतं. नेहरू अभियानाच्या काळात बसलेले संगणक विंडोज एक्सपीवर चालायचे, तिची देखभाल कंपनीनं ८ एप्रिल २०१४ ला बंद केली. मोडेमात घातलेली सिमं टू-जी, थ्री-जीची. पुढं मोबाइल कंपन्यांनी थ्री-जी गुंडाळलं आणि एके दिवशी पडद्यावरचे सगळे आकडे जागच्या जागी थिजले. पंप चालूच होते. फक्त ते चालू आहेत हे आता पंपाजवळ बसलेल्या माणसालाच माहीत होतं, आणि खरं म्हणजे आधीही त्यालाच माहीत असायचं.

एका पॅनेलचं दार उघडलं तेव्हा आधी दोन पाली बाहेर पडल्या. मग बॅटरीचा उजेड टाकून आत पाहिलं. तांब्याच्या पट्ट्या काळ्याकुट्ट, जणू काजळी धरली होती. वायरींची टोकं हिरवट. एक रिले काढून त्याचं पारदर्शक झाकण उघडलं तर आतले चांदीचे ठिपके, ज्यांनी एकमेकांना टेकून वीज पुढं न्यायची, तेही काळे. हे हायड्रोजन सल्फाइडचं काम. सांडपाणी साचून कुजलं की हा वायू सुटतो, कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. थोडा असतो तोवर वास येतो. जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास यायचा थांबतो. वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटून माणसं आत उतरतात आणि तिथंच मरतात. हवेपेक्षा जड असल्यानं तो विहिरीच्या तळाशी साचतो, तिथून केबलच्या पाइपांतून हळूहळू वर येऊन पॅनेलच्या खोलीत शिरतो. तांबं आणि चांदी दोन्ही त्याला आवडतात. ठिपक्यांवर थर बसला की रिले टक् असा वाजतो पण पुढं काही जात नाही. प्रोग्रॅमच्या लेखी पंप चालू केलेला असतो. पंप ढिम्म.

म्हणून नवी यंत्रणा बसवताना मी सगळ्यात आधी केबलची भोकं बुजवतो. महागड्या पीएलसीच्या, म्हणजे पंप चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, आधी भोकं बुजवायचा मसाला मागितला की खरेदीवाले चमकून बघतात. इलेक्ट्रॉनिक्सची खोली विहिरीपासून लांब, सर्किट बोर्डांवर संरक्षक लेप, आणि पाइपांची तोंडं घट्ट बंद. एवढं केलं तर यंत्रणेचं अर्धं आयुष्य वाचतं असं माझं मत आहे. निविदेत हे एका ओळीत असतं. पडद्याचा आकार, रंग आणि त्यावर दिसायच्या चित्रांबद्दल मात्र दोन पानं.

आता त्या स्विचमागची एक गोष्ट सांगतो. त्या पंपिंगवरचे मामा निवृत्तीला आलेले. आधीच्या ठेकेदारानं बसवलेला पातळीचा सेन्सर आवाजाच्या लहरींवर चालणारा होता. वरून आवाज सोडायचा, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून पातळी काढायची. स्वच्छ पाण्यावर उत्तम. सांडपाण्यावर फेस येतो, साबणाचा, चरबीचा. फेसात आवाज जिरतो आणि प्रतिध्वनी परतच येत नाही. तेव्हा सेन्सरनं काय करायचं हे सेटिंगमध्ये ठरवावं लागतं. तिथं ठरवलं होतं की शेवटची पातळी धरून ठेवायची. एका रात्री फेस आला, पडदा तीच पातळी दाखवत राहिला, पंप उपसत राहिला, विहीर रिकामी झाली तरी थांबला नाही. पाण्यात बुडून राहणाऱ्या मोटारीला पाणीच थंड ठेवतं. पाणी संपलं, मोटार जळाली. चौकशीत मामांना विचारलं गेलं, तुम्ही काय करत होता. पंप ऑटोवर होता हे त्यांचं उत्तर कुणी कागदावर घेतलं नाही.

“तवापासून हँडवर हाय बगा,” मामा म्हणाले. “जळायची तर माझ्या हातानं जळू द्या.”

यात अडाणीपणा कुठं आहे? ज्या यंत्राच्या चुकीची शिक्षा आपल्याला होते त्या यंत्राच्या हाती कारभार न देणं हा शहाणपणाच म्हणायचा. तेव्हापासून मी प्रत्येक पंपिंगवर आधी ही गोष्ट शोधतो आणि मग आराखडा काढतो. इथं उत्तर साधं होतं. रडारचा सेन्सर घेतला, फेसाचा त्याला तितका त्रास होत नाही. पण खरी भिस्त ठेवली ती दोरीला लटकणाऱ्या फ्लोट स्विचवर, तळाच्या थोडा वर. पाणी उतरून तो लोंबला की स्टार्टरच्या कॉइलची वीजच तुटते. मधे प्रोग्रॅम नाही, पीएलसी नाही, सिम नाही. संगणकवाल्यांना ही फार मागासलेली गोष्ट वाटते. मामांनी तो फ्लोट स्वतः हातानं उचलून-सोडून पंप बंद पडतो का ते पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग मला म्हणाले, “आता बोला.”

तरीही स्विच लगेच ऑटोवर नेला नाही. नवी यंत्रणा काही दिवस नुसती बघ्याच्या भूमिकेत ठेवली. तिनं सगळं मोजायचं, आपण काय केलं असतं तेही नोंदवायचं, पण पंपाला हात लावायचा नाही. चालवणार मामा. मग रोज दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघायच्या. या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. सकाळी पाणी चढायच्या आधीच मामा दुसरा पंप सुरू करायचे. यंत्रणा पातळी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचण्याची वाट बघायची. “ह्याला चढल्यावर कळतंय, मला चढायच्या आधी कळतंय,” असं त्यांचं म्हणणं. वरच्या वसाहतीत नळ किती वाजता येतात हे त्यांना पाठ होतं. दिवाळीत नरकचतुर्दशीला ही वेळ पहाटे चारवर येते, कारण गावभर अभ्यंगस्नानं. आभाळ भरून आलं की ते विहीर नेहमीपेक्षा खाली उतरवून ठेवायचे, पावसाला जागा म्हणून. हे सगळं प्रोग्रॅममध्ये घालता आलं. फक्त ते सांगायला कुणीतरी हवं होतं.

एका गोष्टीवर मात्र आमचा चांगलाच वाद झाला. तीन पंप असले की त्यांना पाळीपाळीनं सारखं चालवायचं, म्हणजे झीज सारखी होते, असं पुस्तकात शिकवतात आणि मीही तसंच लिहिलं होतं. मामा एक पंप जास्त आणि एक फार कमी चालवायचे. मला वाटलं सवयीचा भाग असेल. त्यांचं म्हणणं वेगळं होतं: तिन्ही सारखे झिजवले तर तिन्ही एकाच पावसाळ्यात बसतील. एक पुढं काढला तर तो आधी बिघडेल, दुरुस्तीला जाईल, परत येईल, मग दुसरा. दुरुस्तीला पाठवलेला पंप किती दिवसांनी परत येतो याचा अनुभव मला नव्हता, त्यांना होता. आता आमच्या प्रोग्रॅममध्ये पाळीचं प्रमाण बदलता येतं आणि ते ठरवायचं काम जागेवरच्या माणसाकडं आहे.

लातूरला हीच उपकरणं, पण जीव टांगणीला लागतो तो उलट्या दिशेनं. नांदेडला पातळी चढली की धावपळ, लातूरला उतरली की. तिथं माझं काम पाण्याच्या बाजूचं. लातूरला पाणी येतं ते मांजरा प्रकल्पातून, बीड जिल्ह्यातल्या धनेगावहून, लांबच्या पाइपलाइननं. २०१६ ला धरण कोरडं पडलं. पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी नको म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. तो उन्हाळा घरी काढलेल्या माणसाला पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारा आकडा कधीच नुसता आकडा वाटत नाही.

त्या वर्षी एक गोष्ट लक्षात आली ती पुढं नांदेडच्या कामात उपयोगी पडली. मलनिस्सारणाचा आराखडा करताना माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्याचे ऐंशी टक्के गटारात येणार असं मानतात. पाइपांचे उतार, पंपांची ताकद, सगळं या हिशोबावर उभं. टंचाईत हा हिशोबच कोलमडतो. आंघोळीचं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. गटारात जायला उरतं काय? तेव्हा लातूरच्या बऱ्याच भागात सेप्टिक टँक आणि उघडी गटारंच होती, त्यामुळं तिथं ते डोळ्यांना दिसायचं: गटाराच्या तळाशी करडा गाळ आणि वर भेगा. बंद पाइपांतही हेच होतं, फक्त दिसत नाही. पाइप स्वतःला धुऊन काढायला पाण्याला सेकंदाला साधारण ०.६ मीटर तरी वेग लागतो. पाणी कमी, वेग कमी, गाळ आणि चिंध्या जागोजाग बसून राहतात. मग मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडतो आणि उन्हाळाभराचं सगळं साचलेलं एका तासात पंपिंगच्या जाळीवर येऊन आदळतं. म्हणून जून उजाडला की जाळीच्या दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक दाखवणारा इशारा आम्ही जास्त कडक करतो. जाळीच्या अलीकडं पाणी वर, पलीकडं खाली, म्हणजे जाळी तुंबली.

नांदेडचा पावसाळा या सगळ्यावर ताण. शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचा बंधारा. त्याच्याही वर पैठणचं जायकवाडी, सिंदफणेवरचं माजलगाव, पूर्णेवरची येलदरी-सिद्धेश्वर. तिकडं कुठंही पाणी सोडलं की ते कधी ना कधी नांदेडच्या घाटांवर येणार. विष्णुपुरीचे दरवाजे किती उघडले, किती क्युसेक सोडले, हे व्हॉट्सअॅपवर फिरतं आणि ऑपरेटरच्या फोनवर ते माझ्या सर्व्हरच्या कितीतरी आधी पोचतं. नाल्याचं पाणी अडवून पंपिंगकडं वळवलेलं असतं तिथं नदी फुगली की उलटा खेळ सुरू होतो. नदीचं पाणी नाल्यात शिरतं, नाल्यातून विहिरीत येतं. पातळी चढली म्हणून प्रोग्रॅम एकामागून एक सगळे पंप सुरू करणार. ते उपसणार गोदावरी. गोदावरी उपसून संपत नसते. वीजबिल वाढतं, शुद्धीकरण केंद्रात गाळ जातो आणि ऐन गरजेच्या वेळी मोटारी तापून बंद पडतात. अशा वेळी नाल्याकडचं लोखंडी गेट पाडायचं असतं, आणि ते कधी पाडायचं हे विहिरीच्या आत बसवलेल्या कुठल्याही सेन्सरला कळत नाही. त्याला नदी दिसत नाही. ऑपरेटरला दिसते, खिडकीतून.

आमच्या पहिल्या आराखड्यात नदीच्या पातळीचा सेन्सर नव्हता, मागणीत नव्हताच. एका ऑपरेटरनं घाटाच्या भिंतीवर लाल रंगाचा पट्टा मारून ठेवला होता. पाणी तिथं आलं की गेट. आम्ही त्या पट्ट्याच्या उंचीला सेन्सर जोडला आणि नियम लिहिला: नदी या खुणेच्या वर असेल तर विहिरीची पातळी चढली म्हणून तिसरा पंप आपोआप सुरू करू नये, आधी गेटची आठवण करून द्यावी. एवढंच. हुशारी पट्ट्याची, आम्ही फक्त वायर ओढली.

इशाऱ्यांवरही थोडं बोललं पाहिजे, कारण जुन्या यंत्रणा बहुधा इथंच मेल्या. एका ठिकाणी भोंग्याच्या तोंडात फडकं कोंबलेलं होतं, वर सुतळीनं बांधलेलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये व्होल्टेज जरा हललं की इशारा, दार उघडलं की इशारा, सिग्नल गेला की इशारा, परत आला की इशारा. ब्रिटनमध्ये उद्योगांसाठी केलेली एक मार्गदर्शिका सांगते की एका माणसाला सरासरी दहा मिनिटांत एकापेक्षा जास्त इशारे येऊ नयेत. आमच्याकडं वीज येते-जाते त्या पाच मिनिटांत तीस इशारे वाजतात. फडकं कोंबणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही बरेचसे इशारे नुसत्या नोंदीत ढकलले आणि फोनवर जाणारे मोजकेच ठेवले.

ते मराठीत पाठवायचे ठरवलं तेव्हा एक गंमत झाली. इंग्रजी एसेमेसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत सत्तर. त्याच्या वर गेलं की एका निरोपाचे दोन होतात आणि दुसरा कधी आधी येतो, कधी येतच नाही. सत्तरात सगळं बसवायचं, काना-मात्रा-वेलांटीही मोजून. कार्यालयात बसून मी लिहिलं होतं: पंपाचा क्रमांक, बिघाडाचं नाव, तारीख, वेळ, केंद्राचं नाव. ऑपरेटरांना दाखवलं तर त्यांनी तारीख-वेळ खोडली. ती फोनवर दिसतेच. केंद्राचं नावही खोडलं. आपण कुठं बसलोय ते त्यांना माहीत असतं. त्याजागी घालायला सांगितलं, वीज आहे की नाही. कारण पहिला फोन कुणाला लावायचा, महावितरणला की वायरमनला, हे त्यावर ठरतं. शेवटी निरोप झाला तो असा: “पंप २ ट्रिप. वीज आहे. पातळी ३.४ मी, चढायलीय.” ‘चढायलीय’ वर एका साहेबांनी हरकत घेतली, ‘वाढत आहे’ करा म्हणाले. मी अक्षरं मोजून दाखवली. ‘चढायलीय’ राहिलं.

राहता राहिला प्रश्न दुरून पंप चालवण्याचा. पडद्यावर बटण दाबलं आणि दहा किलोमीटरवरचा पंप सुरू झाला की बघणाऱ्यांना फार बरं वाटतं, उद्घाटनाला तर हेच दाखवतात. मला त्याची धास्ती वाटते. पंप तुंबला की तो चेन ब्लॉकनं वर ओढून त्याच्या पात्यांत अडकलेल्या चिंध्या, केस, नॅपकिन हातानं काढावे लागतात. त्या क्षणी कुणी कार्यालयातून बटण दाबलं तर? म्हणून जागेवरचा स्विच हँड किंवा ऑफवर असेल तर वरून काहीही चालू होणार नाही, हे आम्ही प्रोग्रॅममध्ये न ठेवता थेट वायरिंगमध्ये ठेवतो. आणि वरच्या माणसाच्या हाती अधिकार जाणं म्हणजे ज्याच्याकडं त्याचा पासवर्ड त्याच्या हाती जाणं. ऑस्ट्रेलियात मरूची शायर नावाच्या भागात २००० साली हेच घडलं. मलनिस्सारणाची रेडिओ यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या एकानं गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ ठेवून पंपिंग स्टेशनांना खोटे हुकूम सोडले. सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी बागांत, ओढ्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात गेलं. तिथले लोक बरेच दिवस समजत होते की यंत्रणाच बिघडलीय. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडं जुना ठेकेदार गेल्यावर पासवर्ड बदलतात का, एवढं विचारून बघा.

चिंध्यांवरून आठवलं. संरक्षक साधनांशिवाय गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना तीस लाख रुपये द्या असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. कायदा कागदावर चोख आहे. जागेवर काय होतं, तर पंप पुरता अडकून बसतो, साखळीनं वर येत नाही, विहीर चढत असते, आणि कुणीतरी म्हणतं, जरा उतरून बघ रे. ही वेळ येऊ नये यासाठी मला विजेचा आकडा सगळ्यात कामाचा वाटतो. चिंध्या गुंतायला लागल्या की पंप ओढत असलेले अँपिअर हळूहळू वर सरकतात आणि पाणी मात्र कमी फेकलं जातं. आलेख बघितला तर काही तास आधी कळतं. तेव्हाच पंप थांबवला, क्षणभर उलटा फिरवला, तर बऱ्याच वेळा चिंध्या सुटतात. नाही सुटल्या तर साखळी अजून हलत असते. नव्या यंत्रणेवर जो खर्च होतो त्याचं समर्थन करायला मला तरी याहून मोठं कारण माहीत नाही. सादरीकरणात मात्र वीजबचतीची स्लाइड आधी लावावी लागते.

या आलेखांनी एक नवंच संकट आणलं. रात्रपाळीच्या रजिस्टरात दर तासाला अँपिअर लिहायचे असतात आणि कित्येक रजिस्टरांत रात्रभर एकच आकडा, एकाच पेनानं, एकाच झोकात. आलेख सांगतो वेगळंच. तो घेऊन कुणी ऑपरेटरला जाब विचारला तर दुसऱ्या दिवशी स्विच हँडवर गेलेला असतो, आणि पुन्हा ऑटोवर आणायला माझ्यासारख्याची वर्षं जातात. मी सुपूर्द करताना स्पष्ट सांगतो की पहिलं वर्ष हा आलेख दुरुस्तीसाठीच वापरा. काही ऐकतात.

सध्या अडलंय ते पैशांवर, आणि तेही किरकोळ. यंत्रणा भांडवली खर्चातून येते, तिच्या सिमचं महिन्याचं बिल महसुली खर्चातून जायला हवं. देखभालीची मुदत असेपर्यंत ठेकेदार भरतो. मुदत संपली की त्या बिलाला अंदाजपत्रकात हेड नसतं. कुठल्याही शहरात जा, लाखोंची यंत्रणा काही शे रुपयांच्या सिमसाठी आंधळी होऊन बसलेली दिसेल. तसंच बॅटरीचं. वीज गेली की पंप थांबतात, तेव्हाच विहिरीची पातळी कळायला सगळ्यात जास्त हवी असते, आणि तेव्हाच दोन वर्षांत न बदललेली बॅटरी दगा देते. सांडपाणी कुजू नये म्हणून विहीर मुद्दाम लहान बांधतात, त्यामुळं भरायला वेळ लागत नाही. डिझेल जनरेटर सुरू व्हायला उशीर झाला की काठ दिसायला लागतो.

पुढच्या एका निविदेचा मसुदा परवा माझ्याकडं मतासाठी आला. त्यात नियंत्रण कक्षासाठी भिंतभर पडदा आहे, चकचकीत. मी लिहून दिलंय की पडदा निम्मा करा आणि त्या पैशांत प्रत्येक पंपिंगला दुसरी बॅटरी, दुसऱ्या कंपनीचं दुसरं सिम, आणि नदीकाठच्या ठिकाणी एकेक नदीचा सेन्सर घ्या. सिमचं बिल दहा वर्षांसाठी आधीच कुठल्या हेडवर टाकायचं तेही विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही. फोन केला तर म्हणाले, पडद्याचं साहेबांना आवडलंय, बॅटरीचं बघू.